उलट्या बाणांचा नकाशा

त्रेचाळीस कासवं एकाच सकाळी मयत झाली. प्रत्यक्षात त्यांतलं एकही मेलं नव्हतं. आपापल्या घरी, आपापल्या कोपऱ्यात पानं चघळत सगळी मजेत होती. पण पाळीव जनावरांच्या दवाखान्यांना जे सॉफ्टवेअर एक छोटी कंपनी बनवून देत असे, त्याने त्या दिवशी आपली यादी चाळली, सहा महिन्यांत दवाखान्याचं तोंड न पाहिलेल्या प्रत्येक रुग्णापुढे ‘मयत’ असा शेरा मारला आणि मालकांना आपणहून सांत्वनाची पत्रंही धाडून दिली. कुत्री-मांजरं बचावली, कारण ती इंजेक्शनांसाठी वरचेवर येतात. कासव वर्षातून एकदा येतं, तेसुद्धा नखं कापायला.

दुपारी एका निवृत्त शिक्षिकेने आपलं कासव पिशवीत घालून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “हे कधी गेलं, ते जरा मलाही सांगा.” डॉक्टरांनी कंपनीत फोन लावला. फोन मावशींनी घेतला.

कंपनीत माणसं अकरा. सायकलींच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक बैठकीची खोली. त्यात मावशी सगळ्यांत जुन्या. मूळच्या त्या सॉफ्टवेअरवाल्या नव्हेतच. अशाच एका जनावरांच्या दवाखान्यात त्या पंधरा वर्षं पुढच्या टेबलावर बसायच्या. कोणत्या कुत्र्याला कोणत्या महिन्यात टोचायचं, कोणतं मांजर डॉक्टरांना चावतं, हे सगळं त्यांच्याकडे कार्डांवर लिहिलेलं असे. एके दिवशी साहेब, म्हणजे ह्या कंपनीचे मालक, आपलं नवंकोरं सॉफ्टवेअर विकायला तिथे आले. मावशींनी ते दोन तास वापरून पाहिलं आणि सत्तावीस चुका कागदावर लिहून दिल्या. पोपटाचं वजन किलोत विचारलंय, ही पहिली. साहेबांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या महिन्यात मावशींनाच नोकरीवर घेतलं. तेव्हापासून चुका काढणं हाच त्यांचा पगारी धंदा झाला. कागदोपत्री त्या ‘गुणवत्ता विभाग’ होत्या. विभागात त्या एकट्याच होत्या, त्यामुळे भांडण नव्हतं.

तर कासवांचं प्रकरण. प्रोग्राममधली ती ओळ लगेच सापडली. ती लिहिणारा सर्वांत जुना प्रोग्रामर. तो दिवसाकाठी पाचसात शब्दांपेक्षा जास्त बोलत नसे, म्हणून त्याला सगळे मुनी म्हणत. मावशींनी त्याला विचारलं, “अरे, ही ओळ तुझी ना?”

“हो.”

“कुणी सांगितली लिहायला?”

मुनीने छताकडे पाहिलं. छतावर काही नव्हतं. एवढ्यावर चौकशी संपली.

त्रेचाळीस माफीची पत्रं मावशींनी लिहिली. आणि साहेब दोन दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आले. गेले ते दुःखी, आले ते तरतरीत. येताना एक निळ्या कव्हराची पुस्तिका घेऊन आले. सॉफ्टवेअरचं काम शिस्तीत कसं करावं ह्याच्या छत्तीस पद्धती तिच्यात दिलेल्या होत्या, पहिलीपासून छत्तिसावीपर्यंत.

“छत्तीस पद्धती, बारा महिने,” साहेब बैठकीत म्हणाले. “महिन्याला तीन. वर्षभरात आपण सुधारलो. मग तपासनीस बोलवायचे आणि प्रमाणपत्र घ्यायचं.”

आणि त्यांना एकतिसावी पद्धत इतकी आवडली होती, की तिची तयारी त्यांनी आधीच करून टाकली होती. ‘कामाची आकडेवारी सर्वांना दिसेल अशी मांडणे’, ही ती पद्धत. त्यासाठी टीव्हीसारखा एक भलामोठा पडदा विकत आणून बैठकीच्या खोलीत ठोकलासुद्धा. आकडेवारी अजून कुणाकडे नव्हती, म्हणून तूर्तास त्याच्यावर मासे पोहत होते.

पहिल्या महिन्यात पहिल्या तीन पद्धती घेतल्या. पहिली होती, मागच्या कामांच्या नोंदींवरून नव्या कामाला किती दिवस लागतील ह्याचा अंदाज बांधणे. सगळे अंदाज बांधायला बसले. मागच्या नोंदी कुठायत, असं एकाने विचारलं. नोंदी ठेवणे ही चौदावी पद्धत निघाली, म्हणजे पाचव्या महिन्यातली. दुसरी होती एकमेकांचं काम तपासणे. प्रोग्रामर मंडळींत बसून प्रोग्राम चालवून पाहणारी एक मुलगी होती, तिला प्रत्येक गोष्टीत शंका यायची म्हणून तिचं नाव शंकाताई पडलं होतं. तिने विचारलं, “तपासायचं, पण कशाशी ताडून? प्रोग्राम लिहायचे नियम आपण ठरवलेत का?” ते नियम म्हणजे नववी पद्धत. तोवर प्रत्येक जण स्वतःच्या सवयीप्रमाणे दुसऱ्याचं काम तपासत राहिला, आणि महिनाअखेरीस दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. तिसरी पद्धत काय होती ते पुढे कुणालाच आठवेना.

मावशी पुस्तिका घरी घेऊन गेल्या. बसमध्ये त्यांनी ती पुन्हा वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं, की हे क्रमांक लिहिणाऱ्याने सोयीने टाकलेले आहेत, जसे रांगेतल्या खुर्च्यांना टाकतात. ह्यातली कोणती पद्धत कोणत्या पद्धतीच्या आधाराने उभी आहे, हे पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते आपणच शोधायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

“साहेब, मला तीन आठवडे द्या. कशावर काय अवलंबून आहे ते मी काढते. मग काय आधी, काय नंतर, ते ठरवू.”

“तीन आठवड्यांत तर दोन पद्धती होतील.”

“झाल्या तर ठीकच आहे. मागच्या तीन किती झाल्या?”

साहेबांनी तीन आठवडे दिले.

मावशींनी चौकटींची मोठी वही आणली. आडव्या छत्तीस, उभ्या छत्तीस. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न: ही नसेल तर ती अडते का? उत्तर हो किंवा नाही. स्वतःशी स्वतःची जोडी वगळली तर असे बाराशे साठ प्रश्न होत होते. मावशींना त्यात काही विशेष वाटलं नाही. एका श्वानप्रदर्शनाच्या आधी त्यांनी एकदा नऊशे कार्डं लावली होती.

पण बाकीच्या दहा जणांना वाटलं. पहिल्या दिवशी लोक हौसेने बसले. तिसऱ्या दिवशी मावशी वही घेऊन उठल्या की सगळ्यांनाच एकदम फोन येऊ लागले. एक जण तर बंद फोन कानाला लावून जिन्यात उभा होता. मावशी त्याच्या शेजारी जाऊन शांतपणे उभ्या राहिल्या आणि त्याचं बोलणं संपायची वाट पाहू लागल्या. चार मिनिटं तो बिचारा एकटाच ‘हो ना, हो ना’ करत राहिला. मग त्याने बावीस प्रश्नांची उत्तरं दिली.

खरा त्रास ‘थोडंसं’चा होता.

“तेरावी नसेल तर विसावी अडते का?”

“तशी थोडीशी.”

“थोडीशी नाही चालणार. अडते की नाही अडते?”

“मावशी, अडत नाही, पण रखडते.”

“कितीदा रखडली तर तू घरी उशिरा जातोस?”

“नेहमीच.”

“मग अडते,” असं म्हणून मावशी फुली मारत.

मुनीने मात्र आपल्या वाट्याचे सगळे प्रश्न एका दुपारी मान हलवून संपवले. मान कधी हलली नाही तर मावशी थांबून राहायच्या. असल्या माणसांची त्यांना सवय होती. मांजरंही स्वतःचं दुखणं सांगत नाहीत.

तीन आठवड्यांत वहीत एक्क्याण्णव फुल्या जमल्या. आता त्याचं चित्र काढायचं होतं. मावशींनी मोठ्या कागदावर छत्तीस चौकोन काढले आणि ज्या चौकोनाला ज्याची गरज, तिकडे त्यातून बाण काढला. अंदाज बांधायला नोंदी लागतात, तर अंदाजाच्या चौकोनातून नोंदींच्या चौकोनाकडे बाण. असे एक्क्याण्णव बाण काढून झाल्यावर कागदावर लोकरीच्या गुंड्याशी मांजराने दिवसभर खेळावं तसं काहीतरी दिसायला लागलं. त्यातून त्यांना एवढंच कळलं, की सर्वांत जास्त बाण एकतिसाव्या चौकोनातून निघतात, पंधरा. तो साहेबांच्या पडद्याचा चौकोन. म्हणजे साहेबांचंच बरोबर होतं की काय, ह्या विचाराने त्या जरा खट्टू झाल्या.

तो कागद त्यांनी घरी जेवणाच्या टेबलावर पसरला. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात आरेखक होते. चौतीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. तेव्हापासून घरातली प्रत्येक सरळ रेघ त्यांना वाकडी दिसत असे. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

“हे काय काढलंयस?”

“कशावरून काय येतं ते.”

“ह्याला नकाशा म्हणत नाहीत. एकावर एक रेघा गेल्यात. मला दे. चार दिवसांत करून देतो.”

“अहो, सोमवारी बैठक आहे.”

“मग दोन दिवसांत.”

माळ्यावरून आरेखनाचा फळा खाली आला. शाई आली, पट्ट्या आल्या. दोन दिवस टेबलावर जेवायला जागा नव्हती, दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवली. मावशींनी वाकून बघायचा प्रयत्न केला की “शाई ओली आहे” म्हणून त्यांना हाकललं जाई. सोमवारी सकाळी यजमानांनी नकाशा गुंडाळला, पुठ्ठ्याच्या नळीत घातला, वर झाकण लावलं आणि बसस्टॉपपर्यंत स्वतः नळी घेऊन आले.

“आडवी धर,” एवढंच म्हणाले.

बैठकीच्या खोलीत सगळे अकरा जण जमले. पडद्यावर मासे पोहत होते. मावशींनी नळी उघडली, दोघांनी कागदाची टोकं धरली, आणि सगळे पुढे सरकले. नकाशा देखणाच होता. निळ्या शाईत, कोपऱ्यात खुणांची यादी, दिशादर्शक बाणसुद्धा, आणि एकही रेघ दुसरीला विनाकारण छेदत नव्हती. वरच्या बाजूला एक मोठा चौकोन, त्यातून नऊ जाड रेघा फुटलेल्या, त्यांच्या पुढे बारीक फाटे, फाट्यांना आणखी फाटे, आणि पार तळाशी, कागदाच्या कडेला, एकतिसावा.

मावशींनी बाण पाहिले. सगळे उलटे होते. एक्क्याण्णवच्या एक्क्याण्णव. जन्मभर कालवे काढलेल्या माणसाने बाण म्हणजे पाणी धरलं होतं. ज्याची गरज, त्याच्याकडे बाण जात नव्हता. त्याच्याकडून येत होता.

“म्हणजे सगळं ह्या वरच्यातून निघतं?” साहेबांनी बोट ठेवलं.

मावशी तोंड उघडून चूक कबूल करणार होत्या. पण आधी त्यांनी नकाशावर अंदाजाचा चौकोन शोधला. अंदाजाला नोंदी लागतात, म्हणजे नोंदींतूनच अंदाजाला पाणी मिळतं. तीच गोष्ट होती, फक्त दुसऱ्या टोकाकडून पाहिलेली. आणि ह्या टोकाकडून ती लख्ख दिसत होती. आजवर त्या कुणाला किती लागतं ते मोजत होत्या. कोण किती जणांना पुरवतं, ते त्यांनी मोजलंच नव्हतं.

“हो,” त्या म्हणाल्या. “सतराव्यातून. थेट नऊ पद्धती, आणि त्या नवांमधून पुढे आणखी तेरा. तो चालू नसेल तर ह्या बावीस पद्धती नुसत्या कागदावर राहतात.”

“आणि माझा एकतिसावा तो खाली कोपऱ्यात का?”

“तो शेवटचं शेत आहे, साहेब. पंधरा ठिकाणांहून पाणी आलं तर तिथे पोचणार.”

सगळ्यांनी माशांकडे पाहिलं.

“बरं, सतरा म्हणजे काय?”

शंकाताईने पुस्तिकेतून वाचून दाखवलं. “बदलाची मागणी लेखी घेणे. काय बदलायचं, कुणी सांगितलं, का सांगितलं.”

“एवढंच? मग घ्या की लेखी. अडचण काय आहे?”

एकाने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग ज्याच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती तो मुनी बोलला.

“कासवं,” तो म्हणाला.

“त्यांचं काय आता?”

मुनीने घसा साफ केला. “फोन आला होता. सहा महिने जो आला नाही, तो गेला समजा, असं सांगितलं. मी गेला समजलो.”

“अरे, गेला म्हणजे दुसऱ्या दवाखान्यात गेला,” साहेब तडक म्हणाले. “गिऱ्हाईक गेलं, असं म्हणतो ना आपण? मेला असं कुठे म्हटलं होतं मी?”

शेवटचा ‘मी’ सगळ्यांनी ऐकला. साहेबांचे कान हळूहळू लाल झाले. दहा जण नकाशातले फाटे फार बारकाईने पाहू लागले. गेल्या दोन महिन्यांत साहेबांनी स्वतः चारदा विचारलं होतं, की हे कासवांचं कुणाच्या डोक्यातून निघालं. ते विचारताना त्यांना खरंच आठवत नव्हतं, हे मावशींना पटत होतं. गाडीतून, दाढी करताना, जिना चढता चढता, असे ते दिवसाला आठ-दहा बदल फोनवर सांगून मोकळे होत.

त्या माणसाला आता नमवायचं की वाचवायचं, हे मावशींच्या हातात होतं. दवाखान्याच्या टेबलावर बसून त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. कोंडीत सापडलेला प्राणी चावतो, त्याला दार दाखवलं तर तो आपणहून निघतो.

“कुणीही सांगितलेलं असो,” त्या म्हणाल्या. “लिहिलेलं असतं तर मुनीला विचारता आलं असतं, कुठे गेला म्हणून. दोघांचीही चूक नाही. सतरावी पद्धत नव्हती, एवढंच.”

साहेबांनी दीर्घ श्वास घेतला. “मग पुढचा महिना फक्त सतरा?”

“दोन महिने. फक्त सतरा.”

“छत्तिसातली एक? दोन महिने?”

“हो.”

त्यांनी मान हलवली. मुनीसारखी, एकदाच.

मावशींनी चिठ्ठ्या छापून घेतल्या. तीनच ओळी: काय हवंय, कुणाला हवंय, का हवंय. साहेबांची पहिली चिठ्ठी अशी आली: ‘ते निळं जरा कमी निळं करा.’ कुणाला हवंय, तर ‘सर्वांना’. का हवंय, ती ओळ कोरी. मावशी चिठ्ठी घेऊन केबिनमध्ये गेल्या.

“साहेब, का?”

“का म्हणजे? बरं दिसेल.”

“तेच लिहा.”

साहेबांनी ‘बरं दिसेल’ असं लिहिलं, ते वाचलं, आणि चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली. त्या आठवड्यात त्यांनी अकरा चिठ्ठ्या लिहायला घेतल्या आणि त्यांतल्या सात स्वतःच फाडल्या. ‘का’च्या ओळीपाशी त्यांचा पेन अडायचा. दुसऱ्या आठवड्यात न राहवून त्यांनी मुनीला गाडीतून फोन केला. मुनी म्हणाला, “लिहून द्या,” आणि फोन ठेवला. मग तासभर त्याला काही सुचेना. नोकरी जाते की राहते, हे पाहायला तो तीनदा मावशींच्या टेबलाशी येऊन गेला. संध्याकाळी साहेब आले, त्याच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि निघून गेले. तिन्ही ओळी भरलेल्या होत्या.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. मावशींनी सतरानंतर नववी धरली होती, पण लोकांनी नियमांवर दीड महिना वाद घातला. ओळीच्या सुरुवातीला चार जागा मोकळ्या सोडायच्या की दोन, ह्यावरून प्रकरण हातघाईवर येता येता राहिलं. शेवटी मावशींना कबूल करावं लागलं, की वहीतल्या सहा फुल्या चुकल्यात आणि चार मारायच्याच राहिल्यात. चुकलेल्या लोकांनी कंटाळून दिलेल्या होत्या, जिन्यातल्या त्या बावीस प्रश्नांतल्याच तीन निघाल्या. नकाशा घरी परत गेला. यजमानांनी ब्लेडने शाई खरवडून सहा रेघा पुसल्या आणि नव्या चार घातल्या.

“खात्यात असं कधी झालं नाही,” ते म्हणाले.

“खात्यात कालवा खणून झाल्यावर नकाशा यायचा,” मावशी म्हणाल्या. ह्यावर मात्र ते हसले, कारण दोनदा तसं झालं होतं.

पण चिठ्ठ्या साठत गेल्या, त्यांतून नोंदी तयार झाल्या. काय तपासायचं ते शंकाताईला आधी कळू लागलं, त्यामुळे तिच्या शंका निम्म्यावर आल्या आणि उरलेल्या कामाच्या निघाल्या. सातव्या महिन्यात त्यांनी पहिला अंदाज बांधला: नवी आवृत्ती द्यायला एकोणतीस दिवस. लागले एकतीस. कंपनीच्या आयुष्यात दोनच दिवस चुकलेला हा पहिला अंदाज होता. साहेबांनी तो आकडा तीन गिऱ्हाइकांना फोन करून सांगितला. गिऱ्हाइकांना त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

नकाशा बाहेरच्या खोलीत काचेत लावला. कासवांवाले डॉक्टर एकदा कामासाठी आले, त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “धरण कुठलं हे?” मावशी म्हणाल्या, “आमचंच.”

वर्षअखेरीस तपासनीस आले. गंभीर गृहस्थ, काखेत फाईल. त्यांनी छत्तीस पद्धतींची यादी काढली आणि प्रत्येकीपुढे खूण करत गेले. अठरा भरल्या.

“बाकीच्या अठरांचं काय?”

“आठ आम्हाला लागत नाहीत,” मावशी म्हणाल्या. “अकरा माणसांत त्या करत बसलो तर काम कोण करणार? दहा रांगेत आहेत. कोणती कशानंतर, ते लिहून ठेवलंय.”

“पण पुस्तिकेत छत्तीस आहेत.”

“हो. पोपटाचं वजनही आम्ही आधी किलोत विचारायचो.”

तपासनिसांनी ह्याचा अर्थ लागतो का ते थोडा वेळ पाहिलं, मग काहीतरी लिहून घेतलं. प्रमाणपत्र मिळालं ते मधल्या दर्जाचं. साहेब दिवसभर जरा पडलेल्या चेहऱ्याने वावरले. संध्याकाळी त्यांनी मावशींना बोलावलं आणि प्रक्रिया सुधारणा प्रमुख असं पद देऊ केलं.

“विभागात किती माणसं?” मावशींनी विचारलं.

“सध्या तुम्हीच.”

“मग पद राहू द्या. गुरुवार-शुक्रवार सुट्टी द्या.”

“का?” साहेबांनी विचारलं. आता त्यांना ती सवयच लागली होती.

“बहिणीकडे जायचंय. दोन वर्षं जाते जाते म्हणतेय.”

साहेबांनी सुट्टी दिली. गुरुवारी सकाळी मावशी आणि यजमान बसमध्ये बसले. यजमान खिडकीतून कालवे दिसतात का ते पाहत होते, आणि एक दिसलाही. त्याचा उतार कसा चुकलाय ते सांगायला ते वळले, तर मावशी खांद्यावर मान टाकून गाढ झोपल्या होत्या. त्यांनी मग तो उतार स्वतःशीच मोजला.